कोपऱ्यातला एकच बल्ब

"थांब मामा! पक्कड खाली ठेव!" शिवकन्या भिंतीवरच्या पेटीला पाठ लावून उभी राहिली.

"सरक! रोज सांजच्याला पिल्लं मरून राह्यलीत, अन् तू ह्या डबड्याची बाजू घेऊन राह्यली!" अंगदमामा कडाडला.

वाटूर गावातल्या या शेडमधल्या कोंबडीच्या पिल्लांवरच शिवकन्येच्या आईचं, वंदनाबाईंचं, घर चालायचं. अंधार एकदम पडला की पिल्लं घाबरून एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून शिवकन्या आणि तिचा मावसभाऊ कल्याण यांनी शाळेतल्या सरांना हाताशी धरून ही पेटी बनवली होती आणि तिला चालतील असे खास बल्ब लावले होते. पेटीतली चिप विजेच्या प्रत्येक लाटेचा थोडा थोडा तुकडा कापायची आणि बल्ब हळूहळू मावळायचे. आधीची अख्खी बॅच सुखरूप वाढली. दिवाळीची सुट्टी लागली आणि कुणाची दृष्ट लागली कोण जाणे! रोज तोच कोपरा, तिथेच मेलेल्या पिल्लांचा ढीग.

"उद्या उरलेली देऊन टाकू अन् शेड बंद करू," आई म्हणाली. ती रागावली असती तरी परवडलं असतं.

"आजची एक सांज दे आई! आम्ही आतच बसतो."

आई मान डोलावून दारात बसली. शिवकन्या पेटीकडे बघत राहिली. चिपमध्ये भरलेला आपलाच प्रोग्रॅम चुकला असेल तर?

बल्ब मंद होऊ लागले. अर्ध्यावर येताच ते फडफडले आणि फटकन विझले! फक्त टोकाच्या कोपऱ्यातला एक शांतपणे जळत राहिला. सगळी पिल्लं जिवाच्या आकांताने तिकडेच धावली.

"कल्याण, उजेड पूर्ण कर! जल्दी!" शिवकन्या ढिगात शिरली, दोन्ही हातांनी पिल्लं उपसू लागली. खालची गार लागत होती. "ऊठ रे, ऊठ ना!" ती रडत होती.

शेड उजळलं. ढीग फुटला, पिल्लं पांगली. एक मात्र तिच्या ओंजळीत निपचित राहिलं.

डोळे पुसत तिने वर पाहिलं. "कल्याण, तो एकच बल्ब आपला आहे! बाकीचे कुणी बदलले?"

मामाची मान खाली गेली. "मीच. दिवाळीला माझ्या दुकानावर लावायला नेल्ते. कोंबड्यांला कशाला एवढे भारी बल्ब, म्हणलं! त्यांच्या जागी साधे एलईडी लावले. त्या कोपऱ्यात खाद्याच्या गोण्या होत्या, शिडी लागंना, म्हणून तो ऱ्हायला."

"मामा, साधे एलईडी बल्ब नीट मंद होत नाहीत! कापलेली वीज त्यांना पुरत नाही, ते मधेच विझतात!" कल्याण म्हणाला.

मामा दुकानाकडे पळाला. मेन स्विच बंद करून त्याने स्वतः सगळे बल्ब परत लावले.

या वेळी उजेड सायीसारखा अलगद उतरला. पिल्लं होती तिथेच पंख मिटून बसली. एकही धावलं नाही.

आईने शिवकन्येला जवळ ओढलं. "मी तुझ्यावरच शक घेतला गं! आता शेडचा उजेड तुमच्या दोघांच्याच हवाली."

"बराबर हाय! पोरं लई हुशार!" मामा म्हणाला. "अन् मला काय काम?"

"शिडीला हात लावायच्या आधी आम्हाला विचारायचं!"

सगळे हसले, पण तोंडावर हात ठेवून. पिल्लं नुकतीच झोपली होती.