छाया आधी बोलत नाही

डॉ. सरनोबतांचा चहा रोज गार व्हायचा.

मंगळावरून परतीचं यान दोन वर्षांतून एकदा सुटतं.

वॉर्डातला रिवाज : राउंडला सर्वांत नव्याने आधी बोलायचं, प्रमुख सरनोबतबाईंनी शेवटी.

बाईंच्या निरोपासाठी डॉ. मुजावरांनी लिहिलेल्या भाषणात एकच वाक्य होतं. तेही त्यांनी खोडलं.

पडदा कोरा.

पडदा निर्णयछायेचा होता. बाई पृथ्वीवर परतल्या की वॉर्ड याच यंत्राच्या सल्ल्याने चालायचा होता. आज त्याची चाचणी होती. खाटेवर खाणीतला बर्डे पोट धरून पडला होता. त्याच्या सगळ्या तपासण्या छायेला देऊन झाल्या होत्या.

"तिसऱ्यांदा विचारलं," शल्यचिकित्सक मुजावर म्हणाले. "मुकीच आहे."

"बाईंना बोलवू?" तळावर नुकतीच आलेली डॉ. केतकी वाडेकर म्हणाली.

"चाचणीत त्यांना मनाई आहे. छाया नापास झाली तर त्या परवाच्या यानाने जाणार नाहीत. आणि त्यांचं हृदय इथं आणखी दोन वर्षं काढणार नाही. हे त्यांना सोडून सगळ्यांना पटलंय."

"सर, ही शिकली कशी?"

"पुस्तकातून नाही. बाई कशानंतर काय करतात, एवढंच तिच्यात आहे. तशी वेळ आली की ही तेच करते."

"मग बरोबर करतेय की. तुम्ही पहिल्यांदा तिलाच विचारताय. बाई कधी पहिल्यांदा बोलल्यात?"

मुजावर थबकले. "रिवाजाने सर्वांत नवी तर हीच."

"तिला कुठं माहितीये, सर. ती स्वतःला बाई समजते."

"बरं. बोल मग तू."

"मला अपेंडिक्स वाटतंय."

"मला मुतखडा. लघवीत रक्त आहे."

पडद्यावर अक्षरं उमटली : 'केतकी, त्याला डाव्या कुशीवर घे. उजवा पाय मागे ताण.'

तिने ताणला. बर्डे कळवळला.

'अपेंडिक्सच, मागच्या बाजूला दडलंय. मुजावरसाहेब, शस्त्रक्रिया करा. केतकीला सोबत घ्या.'

"बाईंसारखी ही पण मला 'साहेब' म्हणतच खोटं पाडते," मुजावर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

बर्डे वाचला. मुजावरांनी अहवाल लिहिला : 'पृथ्वीवरच्या समितीला एकट्याने निर्णय घेणारं यंत्र हवं होतं. ही छाया एकटी असली की गप्प बसते. वॉर्डातली माणसं बोलली, की मगच बोलते. डॉ. सरनोबतांनी हा वॉर्ड असाच चालवला, आणि आम्हाला बोलायला शिकवलं. त्यांच्या हाताखाली काम केल्याचा मला अभिमान आहे. छाया उत्तीर्ण.'

निरोपाला त्यांनी हाच अहवाल वाचला, पण सर्वांत शेवटी. आधी केतकी बोलली. बाई ऐकत राहिल्या, चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी त्या यानात बसल्या.

बारा वर्षांपूर्वी मंगळावरच्या आपल्या पहिल्या राउंडला डॉ. सरनोबत सर्वांत नव्या होत्या, आणि त्यांना कुणीही काही विचारलं नव्हतं.