रुमालावरचा थेंब

"पुसू नका!"

उज्जैनच्या फ्रीगंज चौकात एक स्कूलबस बंद पडली होती. विहंग डिपस्टिकची सळई ओढून इंजिनातलं तेल तपासत होता. मागून आलेल्या त्या आवाजाने तो दचकला आणि डिपस्टिकवरचा थेंब त्याच्या पांढऱ्या रुमालावर पडला.

एक तरुणी पुढे झाली. तिने रुमाल सरळ हातातच घेतला.

"तुमचं तेल थकलंय."

"भरपूर आहे की!"

"भरपूर आहे, पण थकलंय. हा डाग बघा... मधोमध काळा गोळा, पसरतच नाही. चांगल्या तेलाचा थेंब हळूहळू गोल पसरत जातो."

"आमच्या उज्जैनात लोक कुंडली बघतात. तुम्ही रुमाल बघता?"

ती हसली. बोलता बोलता रुमाल तिच्या पर्समध्ये गेला, आणि त्याने तो मागितला नाही.

ती मृणाल. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये तिचं संशोधन चालू होतं. इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून झिजतात, ती झीज कशी कमी करायची? माळव्याच्या सोयाबीनपासून तिने इंजिनासाठी नवं तेल बनवलं होतं. आता हवं होतं एक खरंखुरं इंजिन.

"माझी बस घ्या ना," विहंग म्हणाला. नानाखेड्याजवळ त्याच्या स्कूलबस उभ्या असत.

"इंजिन बिघडलं तर?"

"तर तुम्हाला रोज यावं लागेल. त्यात माझं काय बिघडतं?"

मग ती छोटी बाटली घेऊन तेलाचा नमुना न्यायला येऊ लागली. बसमधली मुलं तिला घेरायची.

"तळवे घासा बरं जोरात. गरम लागले? आता तेल लावून घासा... बघा, कसे सरकतात! आणि तेल काळं झालं तर घाबरायचं नाही. सगळी घाण ते स्वतःकडे घेतं, म्हणून काळं होतं. ते काम करतंय, एवढाच त्याचा अर्थ."

विहंग दाराला टेकून उभा असायचा.

मग पुण्याहून फोन आला. शेवटचा नमुना चांगला निघाला, तर एका मोठ्या लॅबमध्ये नोकरी पक्की. "बधाई हो," विहंग म्हणाला, आणि उगाचच चाकातली हवा बघायला गेला.

त्या शेवटच्या सकाळी मृणाल बाटली घेऊन आली. तिने डिपस्टिक ओढली... तेल मधासारखं स्वच्छ होतं.

"तेल कोणी बदललं?"

"मीच. काल संध्याकाळी." विहंग आनंदात होता. "आज पुण्याला नमुना जाणार. काळंकुट्ट तेल पाठवलं तर कोण नोकरी देईल?"

"अहो, मला तेच काळं तेल हवं होतं! कुठाय ते?"

"गॅरेजच्या ड्रमात... सगळ्या गाड्यांच्या तेलात ओतलं."

"मुलांना मी रोज काय सांगत होते? तुम्ही तिथेच उभे होतात ना?"

"होतो. पण..." त्याचा चेहरा पडला. "ऐकत नव्हतो. बघत होतो."

मृणालला रागावायचं होतं. पण राग येईना.

"आणखी एक सांगतो," तो खाली मान घालून म्हणाला. "घटकाभर वाटलं होतं, तुमचं तेल फेल व्हावं. तुम्ही इथेच राहाल. मग स्वतःचीच लाज वाटली... म्हणून तुमच्याच कॅनमधलं नवं तेल भरलं."

मृणाल डिपस्टिककडे बघत राहिली. एवढं स्वच्छ? डिझेलचं इंजिन एकदा जरी सुरू झालं असतं, तरी हे तेल काळवंडलं असतं. म्हणजे बस अजून सुरूच झालेली नाही.

"तेल गाळणारा फिल्टर बदललात?"

"नाही, दुकान बंद झालं होतं."

"म्हणजे फिल्टरमध्ये अजून जुनं तेल आहे! इंजिन सुरू झालं की ते नव्यात मिसळून—"

"भैया, बच्चे राह देख रहे होंगे," ड्रायव्हर विष्णूने किल्ली लावली. "स्टार्ट मारूं?"

"नको!" दोघं एकदम किंचाळले.

विष्णूला दुसरी बस घेऊन पाठवलं. विहंगने फिल्टर काढून बाटलीत उपडा केला. काळं तेल सावकाश उतरलं... थोडंसंच, पण पुरेसं.

मृणालने पर्स उघडली. आतून तोच रुमाल निघाला, धुतलेला. जुना डाग अजून पुसट दिसत होता. त्याच्या शेजारी तिने एक थेंब सोडला.

दोघं वाकून बघत राहिले. थेंब तसाच बसला होता. काळा, घट्ट.

मग त्याची कड हलकेच सैल झाली. थेंब पसरला — गोल, मऊ, आणखी गोल.

"बाकीचं लॅब सांगेल," ती म्हणाली. "पण तेल अजून दमलेलं नाही."

"म्हणजे... पुणं."

"पुणं. वर्षभर तरी." ती थांबली. "रुमाल परत हवाय?"

"त्या दिवशी मागितला होता का?"

"नाही."

"मग अजून कसं सांगू, मृणाल?"

"कळलं होतं मला," ती रुमालाची घडी घालत म्हणाली. "उगाच का जपून ठेवला? पुढची चाचणी तुझ्याच बसमध्ये घेणार आहे, विहंग. विचारल्याशिवाय तेलाला हात लावायचा नाही. आणि हा रुमाल येताना स्वच्छ धुऊन आणते, दोन्ही डाग काढून."

विहंगने तिच्या हातावर हात ठेवला.

"पुसू नका," तो म्हणाला.