पल्लापट्टा

चांद्रतळावर चौदा माणसं होती आणि चौदाही जणांचा श्वास शर्वाणी टिळेकरच्या हाती होता. प्राणवायू चार दिवसांपासून उतरत होता आणि ही बाई तिसऱ्या झडपेचा अहवाल सातव्यांदा वाचत होती. बारकाव्यात शिरली की तिला बाहेरची वाट सापडत नसे. तळावर सगळे तिला ‘भिंग’ म्हणत, तेही प्रेमाने.

“आता पल्लापट्टा बांध,” तळाचे मेंदूतज्ज्ञ डॉ. उकिडवे म्हणाले. “संध्याकाळपर्यंतचीच हवा उरली आहे.”

“महिनाभर डोक्याला बांधून फिरले, सर. काही झालं नाही.”

“तेव्हा तो नुसता टिपत होता. मेंदूत बाहेरून काही घालणं त्याला जमत नाही. तुझ्या मेंदूनं जवळून लांब किंवा लांबून जवळ असं वळण स्वतःहून घेतलं, की तो ती लहर साठवतो. कळ दाबलीस की तीच परत देतो.”

तिने पट्टा डोक्याला बांधून कळ दाबली. मनातली झडप मागे सरली आणि अख्खा तळ एकदम डोळ्यांपुढे आला. प्राणवायू देणारं टाकीतलं शेवाळ, त्यावरचे दिवे, दिव्यांची वीज, शेजारचं स्वयंपाकघर. दिवे चार दिवस मंद होते, आणि चार दिवसच तळभर खमंग वास सुटला होता. तिने उलटी कळ दाबली आणि एकेक जोडणी तपासली. नवव्या जोडणीवर स्वयंपाकीण इंदूताईंनी दिवाळीच्या फराळासाठी दोन जादा शेगड्या लावल्या होत्या. त्या काढल्यावर दिवे उजळले आणि दुपारपर्यंत प्राणवायूचा आकडा चढू लागला.

“तुमचे उपकार कसे फेडू, सर?” शर्वाणीने पट्टा सोडत विचारलं.

“माझे कसले? वळण तुझंच. पण झडपेला चिकटलेली तू ते घेत होतीस तरी कधी?” त्यांनी नोंदी उघडल्या. एकूण एक लहर दुपारी पाऊणच्या सुमाराची, जेवणाच्या रांगेतली होती.

शर्वाणीला तत्काळ उमगलं. इंदूताई रोज डाव हवेतच थांबवून विचारायच्या, “झडपेचं राहू दे. आपलं सगळ्यांचं कसं चाललंय, तेवढं सांग.” सांगितल्याशिवाय भात मिळत नसे. सांगून झालं की म्हणायच्या, “आता आमटीत मीठ बघ.”

ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा इंदूताई डोळे पुसत पिशवी भरत होत्या.

“चूक माझीच गं. पुढच्या यानानं जाते मी परत.”

शर्वाणी वाकली आणि तिने त्यांच्या पायांना हात लावला.

“ताई, तुम्ही गेलात तर मला विचारणार कोण?”