उजवा पाय पुढे

“मी तुला मागून ढकललं तर चालेल का?”

प्रश्न विचारून झाला आणि तिला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं. पण जमीन कसली दुभंगतेय. जमिनीवर रबरी पायपुसणं होतं, आणि पायपुसण्यावर वितळलेल्या बर्फाचं तळं.

समोरचा मुलगा वळला. उंच, काटकुळा, एका पायात बूट आणि दुसरा पाय अधांतरी. दहा मिनिटं तो तसाच उभा होता, म्हणून तर बाकावर बसलेल्या तिच्या दोन मैत्रिणींनी त्याचं नाव बगळा ठेवून टाकलं होतं. मैत्रिणी म्हणजे चष्मिस आणि मिरची. दोघींनी पैज लावली होती की हा प्रश्न हिच्या तोंडून बाहेर पडणारच नाही. पडला की. आता दोघी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून बसल्या होत्या.

“कुठे ढकलणार, त्यावर आहे,” बगळा म्हणाला. “दरीत असेल तर आधी घरी कळवतो.”

“इथेच. तुझा कुठला पाय आपोआप पुढे पडतो ते बघायचं असतं. तोच पाय बोर्डावर पुढे.”

“आणि मी तोंडावर पडलो तर?”

“सकाळपासून बेचाळीस जणांच्या पायांत बूट घातलेत मी. आता कुणी पडलं तर मला त्याचा हेवा वाटेल. निदान आडवं व्हायला तरी मिळालं.”

खोटं नव्हतं ते. बर्फाच्या उताराच्या पायथ्याशी तिच्या आईबाबांचं दुकान होतं. स्नोबोर्ड, बूट, हेल्मेट, जॅकेट, सगळं दिवसाच्या भाड्याने. सोमवार ते शुक्रवार ती अकरावीतली मुलगी असायची आणि शनिवार-रविवार दुकानाचे दोन जादा हात. सीझनचा तिसरा महिना चालू होता. आईचे गुडघे बोलायला लागले होते, बाबा उभ्याउभ्या पेंगत होते, आणि तिच्या बोटांना ओल्या बुटांचा वास लागला होता तो साबणाने जात नव्हता.

बगळ्याने पाठ केली, खांदे ताठ केले आणि श्वास रोखला. “हं. ढकल.”

तिने ढकललं. हलकेच... म्हणजे व्हायला हवं होतं त्याहून जरा हलकेच. डावा पाय पुढे पडला. तिने बोर्डावरचे पट्टे डाव्या पायाच्या हिशेबाने फिरवले, आवळले, आणि मग त्याच्याकडे नीट बघितलं.

“आत काय घातलंयस?”

“म्हणजे?”

“जॅकेटच्या आत.”

“सुती टी-शर्ट. माझा लकी आहे तो.”

“सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. वर पोचून दोन मिनिटं थांबलास ना, की पाठीला बर्फाची लादी बांधल्यासारखं होईल. हे पातळ थर्मल घाल. त्यावर लोकरीचं. त्यावर हे, यात पाणी शिरत नाही. आणि मोजे किती जोड्या?”

“दोन,” तो अभिमानाने म्हणाला.

“एक काढ. दोन मोज्यांच्या चुण्या पडतात, पाय आवळतो आणि जास्त गार पडतो.”

तो खाली बसला, जादा मोजे काढले, बूट चढवले, उभा राहिला. ती गुडघ्यांवर बसून त्याच्या बुटाचं टोक चाचपत होती.

“बोटं टेकतात टोकाला?”

“टेकतात.”

“गुडघे वाकव. आता?”

“सुटली.”

“मग बरोबर. टाच उचलतेय का?”

“नाही. टाचेवर इतकी नजर तर माझी आईसुद्धा ठेवत नाही.”

हेल्मेटचा पट्टा तिने त्याच्या हनुवटीखाली लावला. पट्ट्यात आणि हनुवटीत एक बोट मावलं पाहिजे. तिने एक बोट घातलं. मावलं. तो वरून खाली बघत होता, आणि त्याच्या पापण्या सरळ होत्या, अगदी फुटपट्टीने आखल्यासारख्या... हे आपल्याला का दिसावं, हा विचार तिच्या मनात आला.

“अजून किती वेळ मोजायचंय?” त्याने हळूच विचारलं.

तिने बोट काढलं. बाकावरून कुणीतरी खोकलं.

“हे मनगटांना,” ती घाईघाईने म्हणाली आणि आत कडक प्लॅस्टिकची पट्टी असलेले रिस्ट गार्ड पुढे केले.

“ते नको. प्लॅस्टर घातल्यासारखं दिसतं.”

“म्हणजे खरं प्लॅस्टर घालायला लागू नये म्हणूनच. दोन्ही पाय बांधलेले असतात, तोल गेला की माणूस हात टेकतो. शिकणाऱ्याचं आधी मनगट जातं. तू लिहितोस कुठल्या हाताने?”

त्याने निमूटपणे दोन्ही हात पुढे केले.

साडेचारला तो परत आला. म्हणजे दारातून एक ओलं, लंगडणारं, पांढरं काहीतरी आत आलं आणि बाकावर कोसळलं. मैत्रिणी केव्हाच घरी गेल्या होत्या. आई आतल्या खोलीत बूट वाळवायच्या दांड्यांवर बूट उलटे अडकवत होती, बाबा दारात बोर्डांवरचा बर्फ खरवडत होते. कुणाच्याच अंगात त्राण नव्हतं. दुकानात फक्त वाळवणीच्या पंख्याची घरघर होती.

“सव्वीस,” बगळा म्हणाला.

“काय सव्वीस?”

“वेळा पडलो. त्यानंतर मोजणं सोडलं.” त्याने उजव्या हाताचा रिस्ट गार्ड काढून टेबलावर ठेवला. प्लॅस्टिकची पट्टी मधोमध तडकली होती. “हे तुझ्यामुळे पट्टीवर निभावलं, नाहीतर हाडावर आलं असतं. थँक्यू. पण उद्याचं बुकिंग रद्द कर. माझ्या अंगात तोलच नाही. लहान लहान मुलं माझ्या बाजूने सुर्रकन जात होती, आणि एकीने तर विचारलं, काका, उठवू का?”

त्याने बूट काढले आणि ते हातात घेऊन तो आत निघाला. ओल्या लादीवर त्याचा पाय घसरला. क्षणभरच... आणि त्याने स्वतःला सावरलं. उजवा पाय पुढे टाकून.

तिने ते बघितलं.

बाबांनी तिला नऊ वर्षांची असताना शिकवलं होतं: ढकलायचं, पण सांगायचं नाही. गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि मध्येच अलगद धक्का द्यायचा. सांगून ढकललं की माणूस विचार करतो, आणि विचार करणारा माणूस कुठलाही पाय पुढे टाकतो. आणि तिने तर पैजेपायी चक्क परवानगी मागितली होती. बिचारा दिवसभर उलट्या पायावर उभा राहून उतारभर आपटत होता.

गप्प बसणं सोपं होतं. तो घरी गेला असता, आपल्यात तोल नाही असं जन्मभर म्हणत राहिला असता, आणि ओल्या बुटांच्या या दुकानात पुन्हा कधी फिरकला नसता. तिला त्यातलं शेवटचंच जास्त लागलं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

“ऐक,” ती म्हणाली. “तोल आहे तुझ्यात. चूक माझी आहे.” आणि तिने सगळं सांगितलं. पैजेसकट. बगळा या नावासकट.

त्याने टेबलावरचा तडकलेला रिस्ट गार्ड पुन्हा उचलून बघितला.

“म्हणजे सव्वीस वेळा मी तुझ्यामुळे पडलो.”

“पंचवीस. एकदा तरी तू स्वतःच्या हिमतीवर पडला असशील.”

आधी त्याच्या नाकातून हसू आलं, मग सगळ्या अंगातून, मग कंबर धरून तो परत बाकावर बसला, कारण हसताना दुखत होतं. “बरं मग,” तो डोळे पुसत म्हणाला, “उद्याचं बुकिंग रद्द करू नकोस. आणि... ती आतून गादी असलेली चड्डी असते ना...”

“मध्यम की मोठी?” तिने चेहरा दगडासारखा ठेवून विचारलं.

“मोठी. खूप मोठी.”

रविवारी ती त्याचे पट्टे उजव्या पायाच्या हिशेबाने लावत असताना त्याने सहज विचारलं, “तू पहिल्या दिवशी किती वेळा पडलीस?”

“मी गेलेच नाही कधी.”

“कधीच?”

“शनिवार-रविवारी दुकान असतं. बाकीच्या दिवशी शाळा.” तिने खिडकीकडे हात केला. तिथून उताराचा शेवटचा तुकडा तेवढा दिसायचा. धुक्यातून माणसं यायची, सर्रकन वळायची, थांबायची. “मला फक्त शेवट दिसतो. वरून कुठून येतात ते माहीत नाही.”

“विचारलं नाहीस घरी?”

“विचारते ना. आई म्हणते, सीझन संपला की जा.”

तो थांबला. “सीझन संपला की बर्फ असतो?”

सीझन संपला की आई डॉक्टरकडे जाणार होती, बाबा झोपणार होते, घराला रंग लागणार होता, सगळं सगळं सीझन संपल्यावर होणार होतं... पण हे एक कसं होणार, हे इतक्या वर्षांत तिला खटकलंच नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक शनिवार-रविवारी साडेचारला तो आला. सामान परत करायला आणि मग, सामान परत करून झाल्यावरही. दोघं शेजारी शेजारी उभी राहून बुटांतले ओले तळवे काढायची आणि दांड्यांवर बूट अडकवायची. दोघंही इतकी दमलेली असायची की बोलणं तुटक व्हायचं, आणि तेच बरं वाटायचं. तो मोठ्या गादीवरून मध्यम गादीवर आला. मग एके दिवशी, “आज तीनच वेळा,” म्हणाला आणि तिला स्वतःचाच निकाल लागल्यासारखं वाटलं.

बर्फ मऊ पडायला लागल्यावर एका शनिवारी तो तिच्या मागे उभा होता. ती वरच्या फळीवरचे बुटांचे आकडे वाचत होती. “चाळीस... एक्केचाळीस... हा बेचाळीस इथे कुणी ठेवला?”

“उद्या पाऊस आहे म्हणतात,” तो म्हणाला.

“छे, आकाश तर कसं—”

पाठीवर दोन बोटांचा धक्का बसला. तिने लाकडी कपाटाला हात टेकला आणि खाली बघितलं.

“उजवा,” तो म्हणाला. “माझ्यासारखाच.”

साऱ्या गावाचे पाय ओळखणाऱ्या तिला आपला पाय ठाऊकच नव्हता. ती त्या पायाकडे बघत राहिली. नवाच वाटत होता.

“उद्या सकाळी चल,” तो म्हणाला. “उद्या शेवटचा रविवार आहे.”

“म्हणून तर जमणार नाही. उद्या सगळे येतात. वर्षातला सगळ्यात...”

“माझाही शेवटचाच आहे.” तो बुटातून काढलेल्या तळव्याशी चाळा करत होता. “आईची बदली झालीय. सोमवारी निघतोय आम्ही. मी आधी सांगणार होतो, पण मग तू साडेचारला माझ्याशी नीट... म्हणजे, निरोप घेतल्यासारखं बोलली असतीस. मला ते नको होतं. मला बोर्ड आवडतो. पण बूट परत करायला येणं त्याहून आवडतं. खूप.”

पंखा घरघरत होता. तिच्या हातात एक उजवा बूट होता, अजून गरम, आतून ओला.

“मलाही,” ती म्हणाली. मग नीटच बोलायचं ठरवून, “मला चार वाजल्यापासून दाराकडे बघायची सवय लागलीय.”

तो हसला नाही. त्याने तिच्या हातातला बूट घेतला, दांडीवर अडकवला, आणि मग रिकाम्या झालेल्या त्या हाताची बोटं धरली. दोघांचीही बोटं सुरकुतलेली होती, ओली, बुटांच्या वासाची. आतून आईने हाक मारेपर्यंत कुणी ती सोडली नाहीत.

दुकान बंद झालं तेव्हा सात वाजत होते. ती एकटीच फळ्यांसमोर उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी सामान काढलं. थर्मल, लोकरीचं, जॅकेट. एक जोडी मोजे. सदतीसचे बूट, बोटं टेकली, गुडघे वाकवले, सुटली. हनुवटीपर्यंत येणारा बोर्ड. हेल्मेट तिने दोनदा तपासलं, आतला फोम कुठे दबलाय का ते अंगठ्याने बघितलं, जसं दुसऱ्या कुणाच्या लेकीसाठी बघितलं असतं. आरशात एक फुगीर, अनोळखी मुलगी दिसली. थकलेली होती, पण उभी बरी होती.

आतल्या खोलीत आई गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. बाबा डोळे मिटून तुटके पट्टे निवडत होते. हातांना काम पाठ होतं. दोघांकडे बघून तिचा निश्चय क्षणभर वितळला. उद्या हे दोघं कसे पुरे पडणार? मग तिने बुटाच्या टाचा जमिनीवर घट्ट टेकवल्या.

आईने वर बघितलं. “अगं, हे काय सोंग? कुणाचं सामान आहे?”

“माझं.”

बाबांनी डोळे उघडले.

“उद्या सकाळी मी वर जाणार आहे,” ती म्हणाली. “बारापर्यंत. चष्मिस आणि मिरची येतील माझ्या जागी, त्यांना बूट मोजायला शिकवलंय मी आत्ता फोनवर. बारानंतर तुम्ही दोघं आराम करा, रात्री कुलूप लावेपर्यंत दुकान मी बघते.”

“सीझन संपला की...” आईने सवयीने सुरू केलं, आणि खिडकीबाहेर पागोळ्यांतून टपटपणारं पाणी तिलाही ऐकू आलं असावं, कारण ती तिथेच थांबली.

“तो साडेचारला येतो ना, उंच, तो मला शिकवणार आहे. मला आवडतो तो. सोमवारी गाव सोडून चाललाय, त्यामुळे तुम्ही काळजी करू नका. माझी काळजी मी करतेय.” तिचा आवाज जरासा हलला. तिने तो हलू दिला. “पण हे त्याच्यासाठी नाही, आई. पुढच्या वर्षी बर्फ पडला की दर रविवारी सकाळी मी वर असणार आहे. तो नसला तरी.”