समस्पंदन

पुलावरचा शेवटचा दगड निखळला आणि किमया साळोखेच्या गेममधल्या योद्ध्याने दरीवर झेप घेतली. तो हवेत असताना ती नेहमीसारखी बोलतच होती. "नदीकाठी पूरभिंत बांधली, की पाणी पलीकडच्या गावांत शिरणार. माझा भिंतीला विरोध आहे." योद्धा पलीकडे पोचला. तीन लाख प्रेक्षकांनी श्वास सोडला.

राजकीय सभा त्या काळात ओस पडल्या होत्या. लोक गेमचं लाइव्ह बघत, आणि खेळाडू खेळता खेळता जे बोले त्यावर मतं ठरवत. बघताना कपाळाला एक पातळ पट्टी लावायची. तिच्यामुळे खेळाडूचा थरार प्रेक्षकालाही जाणवे.

दुसऱ्या दिवशी मेंदूशास्त्रज्ञ डॉ. इब्राहिम मुल्ला कोल्हापूरला तिच्या घरी आले. त्यांनी पडद्यावर कालच्या पट्ट्यांची नोंद लावली. तीन लाख ठिपके, आपापल्या लयीत लुकलुकणारे. झेपेच्या क्षणी मात्र ते सगळे एकदम उजळले, एकदम मावळले. जणू एकच अवाढव्य प्राणी श्वास घेत होता.

"आई गं! केवढं सुंदर आहे हे!" किमया पुटपुटली.

"याला आम्ही समस्पंदन म्हणतो," डॉक्टर म्हणाले. "हा विचार माझा की दुसऱ्याने सांगितलेला, हे मेंदूचा एक भाग सतत तपासत असतो. समस्पंदनात तो गप्प होतो. तेव्हा कानावर पडलेलं माणसाला स्वतःचंच मत वाटतं."

"म्हणजे लोकांना माझं पटत नाही, सर?"

"पटलं की नुसतं रुजलं, ते त्यांनाही सांगता येणार नाही."

किमयाने तिथल्या तिथे आईला फोन लावला. आई नदीकाठी राहायची. भिंत हवीच म्हणून ती लेकीशी रोज भांडायची.

"भिंत? मी कधी मागितली गं?" आई म्हणाली. "माझा पहिल्यापासून विरोधच आहे की."

किमयाने फोन खाली ठेवला. भिंतीवरचं मतदान तोंडावर आलं होतं.

संध्याकाळी ती लाइव्ह आली, पण गेम सुरू केला नाही. डॉक्टर शेजारी बसले होते. तिने साध्या आवाजात सगळं सांगितलं. "पट्ट्या काढा. माझं ऐकून मत देऊ नका." पडद्यावर ठिपके सैरावैरा लुकलुकत होते. कुणी चिडलं, काही जण निघून गेले. तिला हायसं वाटलं.

मग लाइव्हवरच आईचा आवाज आला. "कळलं गं बाई सगळं. पण त्या उडीच्या वेळी मी एकटी नसते बघ. तू खेळ."

खाली निरोपांची रीघ लागली. खेळ. खेळ ना, ताई. उरलेल्यांपैकी एकानेही पट्टी काढली नव्हती.

आणि ठिपके हळूहळू एका लयीत येऊ लागले.

"पण मी अजून काहीच केलं नाही!"

"ते वाट बघताहेत," डॉक्टर कुजबुजले. "तेवढंही पुरतं."

सगळा पडदा एकदम उजळला. आता ती जे बोलेल, ते लाखो माणसांच्या मनातलं होणार होतं. किमयाने ओठ घट्ट मिटून घेतले. पडदा मावळला, पुन्हा उजळला. ते हवा तेवढा वेळ वाट बघायला तयार होते.