पियानोतले बोळे

हे खरोखर घडलेलं आहे. खोटं वाटत असेल, तर माझ्या मामीसमोर पाच मिनिटं बसून या.

आणि अमावस्येची रात्र वगैरे नव्हती. भरदुपार होती, खिडक्या सताड उघड्या होत्या. जागा म्हणजे मामाचं घर. पुढच्या खोलीत तो पियानो दुरुस्त करायचा, मागे स्वयंपाकघर, मध्ये नुसती फळ्यांची भिंत.

त्या भिंतीपलीकडून मामीची बडबड अखंड चालायची. आवाज जाडाभरडा, खर्जातला. मामा ओरडायचा, "अगं, जरा तोंडाला कुलूप लाव. सूर जुळवतोय!"

"मग माझ्या सुरात जुळवा की!"

पोरंबाळं नव्हती. त्या घराला जाग होती ती तिच्या आवाजाची.

एका डॉक्टरांनी जुनापुराणा ग्रँड पियानो आणून टाकला. "पाय बदलून चाकं लावा, तारा नव्या घाला, आवाज मोकळा करा. मुलीला शिकायचंय."

मामाने झाकण उघडलं. आत प्रत्येक तारेखाली लोकरीचा बोळा ठासून सरसाने चिकटवलेला...

"कुण्या अडाण्याचं काम," तो चिडला. "चांगल्या वाद्याचा गळा दाबलाय!"

बारीक सुरांच्या टोकाकडून त्याने सुरुवात केली. बोळा उपटायचा, नवी तार ओढायची, सूर लावायचा. पहिलीच पट्टी अशी खणखणीत वाजली, की स्वारी खूश झाली.

संध्याकाळी मामी म्हणाली, "अहो, नळ गळायचा थांबला वाटतं."

मामाने जाऊन पाहिलं.

नळ गळत होता. थेंब पडत होते...

आवाज नव्हता.

कानात मळ साचला असेल, म्हणून दोघं हसले.

मग दाराची करकर गेली. मग घड्याळाची टिकटिक. काटे फिरत होते, तरीही...

मग कुकरची शिट्टी. वाफ मात्र फसफसून वर जायची.

मामाच्या मनात पाल चुकचुकली. पण पियानो असा गात होता, की हात थांबेना. आयुष्यात इतकं सुरेख काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

शेवटी डाव्या टोकाच्या दोनच पट्ट्या उरल्या. जाड तारांच्या, खर्जाच्या. त्यातल्या अलीकडच्या पट्टीचा बोळा त्याने काढला, तार ओढली, पट्टी दाबली.

खोल, भरदार सूर निघाला...

ओळखीचा.

पलीकडे मामी शेजारणीची काहीतरी गंमत सांगत होती. ती अर्ध्या वाक्यात थांबली.

"काय म्हणालीस?"

काहीच नाही.

तो आत धावला. मामी ओट्यापाशी उभी होती. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

ती किंचाळत होती...

मामाने तार ढिली केली, बोळा परत कोंबला. उपयोग शून्य. डॉक्टरांनी तपासलं, "गळा ठणठणीत आहे हो!" मग मामाने बोळा पुन्हा काढला, तार लावली आणि तीच पट्टी दाबत बसला. तिचा आवाज आता तिथेच होता.

"पियानो मला द्या," म्हणून त्याने डॉक्टरांचे पाय धरले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पियानो गेला.

आता डॉक्टरांची मुलगी रोज संध्याकाळी सराव करते. मामा-मामी समोरच्या फुटपाथवर उभी असतात. पण इतक्या डावीकडे शिकाऊ पोरीचा हात जातोय कशाला? आठवडेच्या आठवडे नुसतं उभं राहायचं.

एकदा ती पट्टी चुकून वाजली. मी तिथेच होतो. मामा ढसाढसा रडला. "ऐकलंस ना? तीच!" मामी फक्त त्याचा हात घट्ट धरून होती.

शेवटचा बोळा अजून आत होता. आणि त्या घरात आवाज उरला होता तो फक्त मामाचा. तो काढायला डॉक्टर दुसरा कारागीर बोलावणार, असं कळलं. मी घाबरून मामाला सांगितलं. म्हटलं, काहीही करून थांबवू.

"काढू दे," मामा शांतपणे म्हणाला. "तिच्या शेजारचीच पट्टी आहे."

काल मी त्याला फोन केला. लगेच उचलला गेला...

मी कितीतरी वेळ हॅलो हॅलो करत राहिलो.