अर्जावरचं नाव

लायब्ररीत मी शिरले ती नुसती बोटं शेकायला. बाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि ओमाहाच्या बसला अर्धा तास होता. दाराशीच टेबलामागे एक उंचापुरा माणूस एकटा बसला होता, पुढ्यात पाटी – ‘मुलांच्या कॉलेजची बचत’. माझ्या सात वर्षांच्या लेकीनं, टेसनं, त्याच्या वाटीतलं चॉकलेट तोंडात टाकलं, मग मला बसणं भागच होतं.

“शाळेच्या खानावळीत भांडी घासते मी. घरात आम्ही दोघीच. मला कॉलेजचं काय सांगता?”

“महिन्याला पंचवीस डॉलर. वाढतील त्यावर कर नाही, शिक्षणासाठी काढले तर तेव्हाही नाही. जमतील?”

“पंधरा.”

“मग पंधरा.”

माझे पंधरा डॉलर इतक्या आदरानं कुणी ऐकलेच नव्हते.

त्याचं नाव लोवेल. आठवडाभर पतपेढीत नोकरी, शनिवारी हे फुकटचं काम. कुणी आजोबा येवोत की ट्रकवाला, तो आधी मुलाचं नाव विचारायचा, रक्कम नंतर. एकदा खातं उघडलं की पैसे आपोआप जातात, पुन्हा यावं लागत नाही. तरी मी दर शनिवारी नवी शंका घेऊन जायचे... आणि तो चष्मा पुसून खुर्ची जराशी जवळ ओढायचा.

दुसऱ्या वर्षी, मका डोक्याच्या वर गेला तेव्हा, त्यानं स्वतःच्याच खात्याचा कागद पुढे सरकवला.

“मूल होईल या आशेनं उघडलं होतं. लग्नच मोडलं. अर्जात शिकणाऱ्याचं नाव लागतंच, म्हणून माझंच घातलं.” त्याचे कान लाल झाले. “आता तिथं टेसचं घालायचंय.”

माझी मान ताठ झाली. फुकटचं मी कुणाचं घेत नाही. “दया नको. आणि नियम तुम्हीच शिकवलाय – नाव बदलायचं तर घरातल्याच माणसाचं चालतं. टेस तुमची कोण?”

“तेच तर...” त्यानं चष्मा काढला, पण पुसलाच नाही. “तेच विचारतोय.”

“नवं खातं कुणीही कुणासाठीही उघडू शकतं. पाच मिनिटांचं काम!”

“ठाऊक आहे. मला हेच बदलायचंय, कॉरिन.”

मी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली.

“उद्या जेवायला ये. टेसला विचारू. नाव तिचं लागणार आहे.”

“आणि तुला नाही विचारायचं?”

“दीड वर्ष दर शनिवारी,” मी म्हटलं, “मी काय फक्त कराच्या शंका विचारायला येत होते?”